नदीचा धडा नदीकांठीं

गोदावरी कोठें उगम पावते, असें वर्गांत विचारिलें तर वीस हात वर होतात. परंतु आपल्या गांवच्या ओढ्यांत पावसाळ्यानंतर किती महिने पाणी टिकतें, असें विचारिलें तर सारा वर्ग स्तब्ध बसतो. पर्यावरणाचा विषय शाळांतून सक्तीनें शिकविला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं दिला. तें योग्यच झालें. तथापि दुकानांतून आणिलेलीं चित्रें प्रकल्पवहींत चिकटविलीं कीं विषय संपला, असें अनेक ठिकाणीं दिसतें, ही खेदाची गोष्ट होय.

आपल्या नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वराचें उदाहरण घ्यावें. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ पाटाच्या पाण्यासाठीं बंधारा बांधिला गेला. पाणी अडलें, गाळ सांचला, उथळ पाणथळ जागा तयार झाल्या. पाणवनस्पति वाढल्या, मासे व किडे आले आणि त्यांच्या मागोमाग हिवाळ्यांत दूर उत्तरेकडील बदकें येऊं लागलीं. शेतीसाठीं घातलेल्या बांधानें पांखरांना घर दिलें! तें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ असल्याचें २०२० सालीं जाहीर झालें. ही कार्यकारणाची सांखळी डोळ्यांनीं पाहिली, म्हणजे पाठ करावी लागत नाहीं. सांडपाण्यावर जलपर्णी फोफावते व तिच्या आच्छादनाखालीं प्राणवायु कमी होऊन मासे मरतात, हेंही तसेंच.

"मुलें ओढ्यावर गेलीं तर परीक्षेचा अभ्यास केव्हां करणार?" असा पालकांचा आक्षेप असतो. तो समजण्यासारखा आहे. परंतु पुराचे दिवस वगळून, आठवड्यांतून एक तास शिक्षकांसमवेत जाऊन पाण्याची खोली, रंग, वास व दिसलेले पक्षी वर्षभर वहींत नोंदविणें, यांत विज्ञान, भूगोल, गणित व भाषा हे चारही विषय येतात. शिवाय हींच मुलें उद्यां ग्रामपंचायतींत व नगरपालिकेंत बसणार; गटाराचें तोंड कोठें सोडावयाचें, हें तींच ठरविणार. ज्यानें ओढा कधीं नीट पाहिलाच नाहीं, त्यास तो नाहींसा झाला तरी हळहळ कशी वाटावी?

विद्यार्थिमित्रहो, येत्या जूनपासून अशी एक वही अवश्य ठेवा. आणि पालकांस विनंति इतकीच, कीं एखाद्या सायंकाळीं मुलाचे वा मुलीचे पाय चिखलानें माखलेले दिसले, तर रागावण्यापूर्वीं आज काय पाहिलें, तें आधीं विचारावें.