मोबाइल टीव्ही अ‍ॅप: चालत नाही की चालू देत नाहीत?

मोबाइल कंपनीचे टीव्ही अ‍ॅप एखाद्या फोनवर न चालण्याची कारणे मुख्यतः तीन. फोनमध्ये लागणारा भागच नसतो, सिम दुसऱ्या कंपनीचे असते, किंवा कंपनीच्या मान्य यादीत त्या मॉडेलचे नाव नसते. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य उमटते: हे अ‍ॅप या डिव्हाइसवर चालत नाही. यांतले पहिले कारण यंत्राचे आहे, उरलेली दोन बहुतांशी धंद्याची. हा फरक ग्राहकापासून लपवणे चूक आहे. फोन स्वतःचा असताना आणि वर्गणी भरलेली असताना कोणी तो अडसर काढला, तर त्याला चोरांच्या रांगेत बसवणे ही त्याहून मोठी चूक.

यंत्राच्या मर्यादेचे उदाहरण अमेरिकेतले आहे. क्वालकॉमची मीडियाफ्लो सेवा 2007 मध्ये व्हेरायझनच्या आणि पुढच्या वर्षी एटी अँड टीच्या ग्राहकांना मिळू लागली. तिचे चित्र इंटरनेटवरून येत नसे. टीव्हीच्या 55 क्रमांकाच्या चॅनलच्या लहरींवरून ते थेट प्रक्षेपित होई आणि ते पकडायला फोनमध्ये वेगळी चिप लागे. ती नसेल तर कितीही खटपट केली तरी व्यर्थ. 27 मार्च 2011 रोजी प्रक्षेपण थांबले. त्या सेवेपुरते ‘चालत नाही’ हे उत्तर खरे होते.

मोबीटीव्ही कंपनीने 2003 मध्ये स्प्रिंट या मोबाइल कंपनीच्या फोनवर आणलेल्या वाहिन्या मात्र नेहमीच्या डेटावरून येत. अशा सेवेला वेगळी चिप लागत नाही. तरीही अँड्रॉइड फोन आल्यावर कंपन्यांची टीव्ही अ‍ॅपे ठरावीक मॉडेलांपुरतीच राहिली, आणि लोकांनी वाट शोधली. अँड्रॉइडमध्ये ‘बिल्ड.प्रॉप’ नावाची साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यात फोन कोणी बनवला, मॉडेल कोणते, आवृत्ती कोणती, हे एकेका ओळीत लिहिलेले असते. अ‍ॅप मॉडेलची ओळ वाचून यादीशी ताडते. शिवाय सिमवरचा क्रमांकही पाहते; त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात (भारताचे 404 किंवा 405) आणि पुढचे कंपनी. फोन रूट करायचा, म्हणजे त्याच्या मूळ फाइली बदलण्याचा हक्क मिळवायचा, मॉडेलच्या ओळीत मान्य फोनचे नाव घालायचे, फोन बंद करून पुन्हा चालू करायचा, की कालपर्यंत नकार देणारे अ‍ॅप कित्येकदा निमूट सुरू होई. चिप तीच, पडदा तोच, डेटाही तोच. केवळ नाव बदलताच चालणारे अ‍ॅप आधी तांत्रिक कारणाने अडले होते, असे कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही.

या वाटेची किंमत मात्र ग्राहकच मोजतो. रूट केलेल्या फोनवर बँकांची अनेक अ‍ॅपे उघडत नाहीत, सुरक्षेचे अपडेट बसत नाहीत, आणि त्या फाइलमध्ये चूक झाली तर फोन सुरूच न होण्याची भीती असते. रूट न करता बाहेरून एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, आणून टाकणे सोपे वाटते. पण त्यात कोणी काय घुसवले आहे ते वरून कळत नाही, आणि एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की ओटीपी परक्या हाती जातो. आता फोनमध्ये फेरफार झाला आहे का ते पाहणारी गुगलची ‘प्ले इंटेग्रिटी’ तपासणी असल्याने नाव बदलण्याची जुनी युक्तीही फारशी पुरत नाही. शिवाय चित्राला गुगलच्या वाइडवाइन या नक्कलरोधक तंत्राचे कुलूप असते. त्याची एल1 ही सर्वांत पक्की पातळी नसून फक्त एल3 ही खालची असलेल्या फोनवर अनेक सेवा एचडी चित्र देत नाहीत, साधे चित्र मात्र देतात. पूर्ण नकाराऐवजी कमी दर्जाचे चित्र देण्याची सोय तंत्रात आहेच, हे यावरून दिसते.

मग नकार का? अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलचे फोनवरील थेट सामने 2010 पासून व्हेरायझनच्या ग्राहकांसाठी राखून ठेवले होते. जानेवारी 2018 मध्ये नव्या कराराने ते इतर कंपन्यांच्या फोनवरही खुले झाले. त्यासाठी कोणाला नवा फोन घ्यावा लागला नाही. बदलला तो करार. नियामकाने लक्ष घातले तर काय होते, हेही तिथेच दिसले. व्हेरायझनने 2008 च्या लिलावात मिळवलेल्या काही लहरींवर ग्राहकाच्या पसंतीचे फोन आणि अ‍ॅप न अडवण्याची अट होती. फोनचे इंटरनेट दुसऱ्या यंत्राला देणारी अ‍ॅपे स्टोअरमध्ये अडवल्याच्या प्रकरणात कंपनीला 2012 मध्ये 12.5 लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

भारतात ही भिंत मुख्यतः सिमची आहे. जिओटीव्हीला जिओचाच क्रमांक लागतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 8 फेब्रुवारी 2016 रोजी डेटाच्या भेदभावी दरांना बंदी घातली, पण कंपनीच्या स्वतःच्या बंद जाळ्यावरील सेवेला अपवाद ठेवला. डीडी फ्री डिशवर विनामूल्य दिसणारी सह्याद्री वाहिनीसुद्धा फोनवर सिम पाहून दाखवायची, याला तांत्रिक आधार नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात ‘वेव्हज’ हे अ‍ॅप आणले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर दिसतात.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. वाहिन्यांचे हक्क करारातून येतात आणि बाजारातला प्रत्येक फोन तपासणे खर्चाचे आहे. परंतु न तपासलेला फोन आणि न चालणारा फोन यांत अंतर आहे. कोणती मॉडेल वगळायची हे प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवणाराच निवडू शकतो. ‘या फोनवर तपासलेले नाही’ अशी सूचना देऊन अ‍ॅप घेऊ देता येते.

कायद्यानेही असा अडसर काढणे सरसकट गुन्हा मानलेले नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये आलेले कलम 65अ संरक्षणाचे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. पैसे भरून, आपल्याच खात्यातून, आपल्याच फोनवर पाहणाऱ्याचा तो हेतू नसतो. वर्गणी चुकवण्यासाठी फेरफार केलेली अ‍ॅपे वाटणारे वेगळे. त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही.

टीव्हीचे आमिष दाखवून रिचार्ज विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने मान्य फोनची यादी आणि नकाराचे खरे कारण पैसे घेण्याआधी दाखवावे, असा नियम ‘ट्राय’ आणि ग्राहक व्यवहार खात्याने करावा. वर्षभराचे पैसे आधीच भरलेल्या ग्राहकाचा फोन मधेच यादीतून काढला, तर उरलेल्या महिन्यांची रक्कम त्याला परत मिळाली पाहिजे.