मोयेसची निवड चुकली नव्हती!

मागच्या व्हिडिओत मॅनेजर नेमण्याबद्दल बोललो, तेव्हा काहींनी मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण दिलं. "सर, फर्ग्युसननेच माणूस चुकीचा निवडला." मला हे पटत नाही.

२०१३ साली ॲलेक्स फर्ग्युसन २६ वर्षांनी निवृत्त झाला, तोही क्लबला २०वं लीग विजेतेपद देऊन. जागेवर कोण? त्याने स्वतः सुचवलेला डेव्हिड मोयेस. ११ वर्षं एव्हर्टन सांभाळलेला, बेताच्या पैशात टीम चालवणारा माणूस. करार सहा वर्षांचा, टिकला जेमतेम दहा महिने! त्या सीझनला टीम सातवी आली.

पण बघा, त्याच उन्हाळ्यात क्लबचा मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही पायउतार झाला. वर मोयेसने फर्ग्युसनच्या हाताखालचे कोच जाऊ दिले आणि एव्हर्टनची आपली माणसं आणली. खेळाडू बहुतेक तेच, पण रोज त्यांच्याकडून काम करून घेणारे जवळजवळ सगळेच नवे. अशात कोणीही आला असता तरी चाचपडलाच असता.

तुमच्या दुकानात काय वेगळं आहे? कुठलं गिऱ्हाईक उधारी थकवतं, कोणता सप्लायर वेळेवर माल देतो, हे वहीत नसतं, जुन्या माणसाच्या डोक्यात असतं. नवा मॅनेजर आल्या आल्या म्हणेल, "माझी पोरं आणतो." त्याला पगार वाढवून द्या हवा तर, पण जुन्या माणसाला निदान वर्षभर हात लावू देऊ नका.

सहा वर्षांचा करार मात्र मीही केला नसता हं!