हलाल, मुलाणी आणि विसरलेले बलुते

१/ भोकरदन तालुक्यातील हसनाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. अशा गावांकडे बोट दाखवून ‘हलाल मांस ही मुसलमानी सत्तेने लादलेली प्रथा’ असे सांगितले जाते. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

२/ निजामाच्या हद्दीबाहेर पाहावे. साताऱ्यात राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात सुतार-लोहारांबरोबर मुलाण्यालाही बलुतेदारांत गणले आहे. हिंदू देवतांना वाहिलेले बकरे कापणे हे त्याचे काम. ही व्यवस्था सक्तीची असती, तर छत्रपती-पेशव्यांच्या अमलात ती टिकली नसती.

३/ अरबीत ‘हलाल’ म्हणजे अनुज्ञेय. ‘हराम’ म्हणजे निषिद्ध. अल्लाचे नाव घेऊन गळ्याच्या शिरा कापणे व रक्त वाहू देणे, ही मांसापुरती रीत. कमाईलाही हाच निकष लागतो. मराठीने ‘नमकहलाल’ आणि ‘हरामखोर’ हे शब्द याच अर्थाने जवळ केले.

४/ कुराणात मेलेले जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाखेरीज इतरांच्या नावे वाहिलेला बळी निषिद्ध आहे. म्हणजे देवीच्या बोकडावर सुरी चालवणारा मुलाणी कर्मठ मौलवींनाही खटकणारच. गावाने ग्रंथ पाहिला नाही, शेजार पाहिला.

५/ मार्च २०२५ मध्ये राज्यात झटका मांसासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली. झटका खाण्याचा हक्क निर्विवाद आहे. शीख रहत मर्यादेतही हलाल वर्ज्यच आहे. परंतु त्या निवडीसाठी मुलाण्याला आक्रमक ठरवणे, हे आपल्याच गावगाड्याचा दप्तर जाळण्यासारखे आहे.