मोरपंखी

आमच्या गोंदियाच्या घरासमोर फाटकाच्या दोन्ही बाजूंना बाबांनी १९८४ साली मोरपंखी लावली होती. त्या काळी नवं घर म्हटलं की मोरपंखीची जोडी आलीच. त्यातलं एक झाड कुंपणाची भिंत बांधताना गेलं. दुसरं उरलं. शेजारच्यांनी दुमजली घर बांधल्यावर ते उजेडासाठी रस्त्याकडे झुकलं. आतून उघडं पडलं, बुंधा मांडीएवढा झाला आणि त्याला पीळ बसला.

गेल्या वर्षी भावाने सांगितलं की घर पाडून नवीन बांधायचं, गाडीसाठी जागा हवी, मोरपंखी जाणार. मी लगेच म्हणालो, "तोडू नकोस, मी नेतो."

बोन्सायचा नाद असलेल्यांना हा क्षण ओळखीचा असेल. असं जुनं खोड रोपवाटिकेत मिळत नाही. जपानी लोक डोंगरातून खणून आणलेल्या झाडाला 'यामादोरी' म्हणतात. शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वताच्या कड्यांवर वाऱ्या-बर्फाने पिळवटलेले जुनिपर होते. विसाव्या शतकात लोकांनी दोरांना लटकून ते इतके खणले की तिथे आता जवळजवळ उरले नाहीत. आपली मोरपंखी मूळची चीनकडची, पण जुनिपरच्याच कुळातली. म्हणजे गोंदियात बसून मला घरचाच जुनिपर मिळत होता म्हणा ना!

इथे एक कबुली देतो. वीसेक वर्षांपूर्वी नवेगावबांधच्या वाटेवरच्या एका टेकडीवरून मी एक खुरटा धावडा खणून आणला होता. खडकाच्या फटीतला, गुडघ्याएवढा. भर मे महिन्यात! तीन आठवड्यांत वाळला. जंगलातून झाड आणणं हा गुन्हा आहे, हे तेव्हाही माहीत होतं. पण मला कायद्यापेक्षा दुसरीच गोष्ट टोचत राहिली. त्या धावड्याला माझी काहीच गरज नव्हती. मी गेलो नसतो तर तो आजही तिथे असता.

तेव्हापासून मी एक नियम केला. जंगलातलं झाड घ्यायचं नाही. जे नाहीतर मरणारच आहे तेच घ्यायचं. पाडकामातलं, भिंतीच्या भेगेतला पिंपळ, रस्तारुंदीत जाणारं. नियम चांगला आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

काकू म्हणते, बोन्साय म्हणजे झाडाला दिलेली शिक्षा. काकू, तुझी तुळससुद्धा कुंडीतच आहे गं, आणि तिच्या मंजिऱ्या तू रोज खुडतेस. छाटण्याने झाड मरत नाही, दुर्लक्षाने मरतं. वॉशिंग्टनमध्ये एक पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. १९४५ मध्ये हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तो तिथेच होता, जगला, आणि १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी रोज पाणी घातलं, म्हणूनच ना? याला शिक्षा कसं म्हणायचं?

असो. तयारी नीट केली. भावाने नगरपरिषदेत रीतसर अर्ज केला. गेल्या पावसाळ्यात मी बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्ध्या बाजूने चर खणून जाड मुळ्या तोडल्या, म्हणजे वर्षभरात आत बारीक मुळ्या फुटतात. या जुलैत उरलेल्या बाजूच्या तोडून मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधून काढलं. आपल्याकडची भारी माती कुंडीत घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात, म्हणून विटांचा चुरा आणि जाड रेती घातली. पाला मुद्दाम राखला, कारण या जातीत हिरवं पार काढलेली फांदी सहसा परत फुटत नाही. आता वर्षभर सावली, पाण्याचा फवारा, आणि तारेला हात लावायचा नाही.

खणायला आलेल्या म्हाताऱ्या बाबांनी सहज विचारलं, "काहून काढता जी? फाटक तिकडं सरकवलं असतं तं राहिलं असतं झाड."

मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "खरं आहे. गेल्या वर्षीच बोलला असतास तर नकाशात बदल केला असता. पण तूच म्हणालास ना, मी नेतो."

हे मी त्याला विचारलंच नव्हतं. वर्षभर हातात होतं, चर खणला, रेती चाळली, पण 'फाटक चार फूट सरकेल का?' एवढा एक प्रश्न सुचला नाही. की सुचू दिला नाही? मला ते खोड हवं होतं. "नाहीतर मरणारच आहे" हे वाक्य मला फार सोयीचं पडलं. धावड्याच्या वेळी मी निदान स्वतःला पुण्यवान तरी समजत नव्हतो.

म्हणून आता नियमात एक ओळ वाढवली आहे. झाड मागण्याआधी ते जागेवर राहील का, हे विचारायचं. नुसतं मनातल्या मनात नाही, घरमालकाला, आणि नकाशा होण्याच्या आधी. उत्तर खरंच 'नाही' आलं, तरच कुदळ उचलायची. बोन्साय करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं माझं मत आहे, कारण जुनं खोड बघून आपली नियत किती पटकन फिरते, ते आपल्यालाच ठाऊक असतं.

भाऊ फोनवर विचारतो, "जगली का रे मोरपंखी?" हिरवी आहे. पण हे झाड मेलं तरी काही महिने हिरवंच दिसतं. नवीन पालवी दिसेपर्यंत काही खरं नाही. तोवर बाबांनी लावलेलं झाड मी वाचवलं, असं कोणी म्हणू नका.