देशाच्या सरासरीत बुंदेलखंड सापडत नाही



'एल निनोमुळे देशावर दुष्काळाचे सावट' हे तुमच्या परवाच्या अंकातले शीर्षक वाचून संताप आला. इकडे बुंदेलखंडात, समथरच्या बाजारात पाऊस सुरू होण्याआधीच तीळ-उडीद पेरावेत की रान पडीक ठेवावे, याची चर्चा चालू झाली आहे. एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलेल्या गोष्टीचा शेतकऱ्यावर परिणाम होतो, याचे भान वर्तमानपत्राने ठेवायलाच हवे.

एल निनो खोटा आहे असे मी म्हणत नाही. प्रशांत महासागरावरचे व्यापारी वारे मंदावतात, इंडोनेशियाकडे साचलेले कोमट पाणी पेरूच्या दिशेने सरकते, ढग उभे राहण्याची जागा त्याच्यामागे जाते आणि आपल्या डोक्यावरची हवा खाली दाबली जाते. हे सगळे मान्य. पण 1997 साली गेल्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक आला आणि देशात पाऊस सरासरीहून किंचित जास्तच पडला. 2002 चा एल निनो त्यापेक्षा कितीतरी सौम्य, तरी पाऊस सरासरीच्या 81 टक्क्यांवर अडकला आणि जुलैत तर जेमतेम निम्माच पडला. प्रशांत महासागर मध्यभागी तापतो की पेरूच्या किनाऱ्याला, यावर आपले बरेच काही ठरते, हे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2006 मध्येच दाखवले. शिवाय 1997 मध्ये हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापलेली होती, तिनेही हात दिला. यातले एक अक्षर तुमच्या बातमीत नाही.

माझा खरा राग मात्र 2007 सालाबद्दल आहे. त्या वर्षी एल निनो नव्हता, उलट ला निना आकार घेत होती. देशाचा पाऊस सरासरीच्या 105 टक्के. सगळीकडे समाधान. आणि त्याच 2007 मध्ये बुंदेलखंडात आठवणीतला सर्वांत भीषण दुष्काळ पडला. तळी आटली, विहिरी आटल्या, गावेच्या गावे दिल्ली-सुरतेकडे निघाली. पुढे केंद्राला समिती नेमावी लागली आणि 2009 मध्ये 7,266 कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. 2015 च्या दुष्काळात निदान एल निनोकडे बोट दाखवता आले. 2007 साली कुणाकडे दाखवायचे?

आमचा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर चालतो. ते मान्सूनच्या द्रोणीने, म्हणजे कमी दाबाच्या लांबट खोलगट भागाने, वायव्येला सरकत आमच्यापर्यंत पोचले तर शेत भिजते. ते दक्षिणेकडून विदर्भ-गुजरातेत निघून गेले, किंवा द्रोणीच हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसली, की झाशी-महोबा कोरडे. तेव्हा देशाची सरासरी 105 असो की 110, आमच्या काळ्या काबर जमिनीला भेगा पडायच्या त्या पडतातच.

आणि हे आकड्यांत दिसतही नाही! हवामान खात्याच्या विभागणीत झाशी, ललितपूर, महोबा पश्चिम उत्तर प्रदेशात; बांदा, चित्रकूट पूर्व उत्तर प्रदेशात; दतिया पश्चिम मध्य प्रदेशात; टीकमगड, छतरपूर पूर्व मध्य प्रदेशात. एकाच मातीचा, एकाच खडकाचा, एकाच दुष्काळाचा मुलूख चार खात्यांवर मांडलेला. मेरठ-सहारनपूरच्या पावसात मिसळून झाशीची तूट झाकली जाते. समथरहून दतिया जिल्हा हाकेच्या अंतरावर आहे, तरी पावसाच्या हिशेबात आम्ही त्याचे शेजारी नाही. बुंदेलखंडाचा स्वतंत्र उपविभाग करा, ही साधी मागणी मराठी वर्तमानपत्राने का उचलू नये? मराठवाड्याची तूट वेगळी छापली जाते, आणि 2016 मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे पोचलीही. त्याच उन्हाळ्यात झाशीला आलेल्या पाण्याच्या गाडीवरून केंद्र आणि राज्य एकमेकांशी भांडत बसले. गुरसराय-जालौनपर्यंत पेशवाईपासून नांदणारी मराठी घरे आजही या भागात आहेत. आमचीही बातमी तुमचीच आहे.

जाता जाता केन-बेतवा जोडकालव्याबद्दल. डिसेंबर 2024 मध्ये पायाभरणी झाल्यापासून आम्हाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणून तोच दाखवतात. पण बेतवेला द्यायला केनमध्ये पाणी येणार कुठून? कमी दाबाचे पट्टे झाशीला चुकले की बहुतेकदा पन्ना-छतरपूरलाही चुकतात. केन आणि बेतवा एकाच आभाळाखालच्या नद्या आहेत. त्याआधी ग्रॅनाइटच्या या प्रदेशात चंदेल राजांनी बांधलेल्या तलावांतला गाळ काढा, शेतांचे बांध दुरुस्त करा. त्याला जोडकालव्यासारखी पन्नाच्या जंगलातली लाखो झाडे तोडावी लागत नाहीत.

– एक वाचक, समथर (जि. झाशी)