विश्वासाची गंगाजळी



बँकेच्या नोकरीत एक धडा आरंभीच मिळाला. बँकेची खरी परीक्षा ताळेबंदाच्या दिवशी होत नाही. ठेवीदारांची रांग दाराशी लागते त्या दिवशी होते. तेव्हा उपयोगी पडणारी गंगाजळी आधीच्या चांगल्या वर्षांत साठवावी लागते. कोरोनाकाळाकडे मागे वळून पाहता समाज आणि शासन यांनाही हाच नियम लागू पडतो, असे वाटते. त्यांची गंगाजळी म्हणजे परस्परांवरील विश्वास.

साथरोग कायदा १८९७ मध्ये, प्लेगच्या साथीत झाला. पुण्यात रँड यांच्या अमलात गोरे सोजीर झडतीसाठी घराघरांत शिरले. उद्देश रोगनिवारणाचा होता. परंतु लोकांच्या मनात बसली ती दहशत. रुग्ण लपवले जाऊ लागले आणि २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन १० मार्च रोजी निवर्तल्या. त्यांच्यापाशी कायद्याचे बळ नव्हते. आयुष्यभराच्या सेवेने मिळवलेली पत होती.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाखांची वस्ती, बहुतेकांची भिस्त सार्वजनिक शौचालयांवर. तेथे अंतर पाळणार कसे? महापालिकेने घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याचे ठरवले आणि सोबतीला घेतले ते धारावीतच दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना. ओळखीच्या डॉक्टरांपासून ताप लपवावासा वाटत नाही. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा कौतुकाने उल्लेख केला.

त्याच महिन्यांतील आमच्या सोसायटीची आठवण मात्र खिन्न करते. घरकाम करणाऱ्या बायकांना प्रवेशबंदीची सूचना निघाली; तिच्यावर खजिनदार म्हणून माझी सही होती. त्यांच्या पगाराविषयी तीत एक ओळही नव्हती. दोन महिन्यांनी चौकशी करावी म्हटले, तर वीस वर्षे आमच्या घरी येणाऱ्या बाईंचा पत्ता घरात कुणालाच ठाऊक नव्हता. जन्मभर इतरांची पत तपासणाऱ्या मला त्या दिवशी स्वतःच्या खात्यातील शिल्लक कळली.

पुढची साथ केव्हा येईल, सांगता येत नाही. ठेव भरण्याचा काळ मात्र हाच आहे. आपल्या इमारतीत राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव, राहण्याचे ठिकाण आणि घरची माणसे आपुलकीने विचारून घ्यावीत. मी ते काम उशिरा का होईना, सुरू केले आहे.