दम धरला तरच मुसल्लम

रमजानच्या रविवारी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांत दस्तरखानावर मुर्ग मुसल्लम येतो. मुसल्लम म्हणजे अख्खा, न तोडलेला. पाहुणे तारीफ करतात ती मसाल्याची. मात्र हा पदार्थ बिघडतो तो बहुतेकदा वेळेमुळे, आणि त्या वेळेचा हिशेब घरात बहुधा एकटी बाईच ठेवते.

फ्रीझरमधली सव्वा किलोची अख्खी कोंबडी दगडासारखी असते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात झाकून ठेवली तर ती सुटायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणजे शनिवारी सहरीला ती फ्रीझरमधून खाली यायला हवी आणि रविवारी सहरीला मसाला लावून पुन्हा फ्रिजमध्ये जायला हवी. आठवडाभर लोकल आणि ऑफिस सांभाळणाऱ्या बाईला नेमकी हीच आठवण राहत नाही. मग रविवारी दुपारी कोंबडी ओट्यावर येते. वरून मऊ, आत बर्फ. मुंबईच्या उकाड्यात वरच्या मांसात जंतू झपाट्याने वाढतात. कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास, असं अन्नसुरक्षेचं साधं गणित आहे.

विसर पडलाच तर कोंबडी घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावं. दीड तासात काम होतं, पण मग ती लगेच शिजवायला हवी. गरम पाणी मात्र नको.

अर्धी गोठलेली कोंबडी थेट मंद आचेवर चढवणं सर्वांत वाईट. वरचं मांस शिजतं, हाडाजवळचं कच्चं राहतं. आधी मोठ्या आचेवर दोन्ही बाजू परतून मसाल्याला उकळी आणावी. मग झाकण कणकेने बंद करून, खाली जाड तवा ठेवून दम द्यावा. पोटात भरायचा खिमा आधीच शिजवलेला असावा. मांडीच्या जाड भागात आणि आतल्या खिम्यातही तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे. पाचशे-सातशे रुपयांचा थर्मामीटर इथे अंदाजापेक्षा बरा, कारण रोज्यात मीठसुद्धा बहुधा अंदाजानेच पडतं.

एवढा खटाटोप कशाला, बाहेरून आणावं, असं कुणी म्हणेल. त्यात गैर काही नाही. पण घरचा मुसल्लम हवा असेल तर त्याची जबाबदारीही घराची असावी. पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की उठत, असं हजरत आयेशांनी सांगितल्याचं सहीह बुखारीत आहे. रमजानच्या बयानांत ही हदीस ऐकणारे पुरुष इफ्तारच्या दहा मिनिटं आधी स्वयंपाकघरात डोकावून ‘झालं का?’ विचारतात.

उर्दूत दम म्हणजे श्वास. मराठीत दम धरायचा असतो. तो एकटीनेच का धरावा? शनिवारी सहरीला सगळं घर जागंच असतं. कोंबडी फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवायला दोन मिनिटं लागतात. हे काम नवऱ्याच्या किंवा थोरल्या मुलाच्या नावावर लिहावं, आणि पाणी बदलण्याचंही.